मीटिंगा: कमी आणि कामाच्या (प्रकल्प नोंदी)

३ फेब्रुवारी, सोमवार

काम आजपासून माझ्याकडे. लेखी सूचना एका ओळीची: ‘मीटिंगा कमी करा, निदान ज्या उरतील त्या कामाच्या करा.’ ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं कॅलेंडर उघडून खोडत बसलं तरी होतं. दुसऱ्यासाठी मीटिंगमध्ये नेमकं काय अडतं ते आधी बघावं लागणार.

संचालकांना सुरुवातीला आकडा हवा असतो, म्हणून एकाच साप्ताहिक आढाव्याचा हिशेब मांडला. ११ जण, एक तास, वर्षाचे ५० आठवडे: ५५० मनुष्यतास. आठ तासांचा दिवस धरला तर एका माणसाचे जवळजवळ ६९ कामाचे दिवस. पैसे मुद्दाम लावले नाहीत. पैशांत मांडलं की चर्चा कोणाचा पगार किती यावर घसरते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

गेल्या तिमाहीचं कॅलेंडर उतरवून घेतलं. प्रत्येक मीटिंगपुढे एकच रकाना: ‘ही झाल्यावर काय बदललं?’ उत्तरं ज्याची मीटिंग त्याच्याकडूनच मागवली. पुष्कळांनी ‘सगळे अलाइन झाले’ असं लिहून पाठवलंय. तो रकाना मी रिकामाच धरतेय.

वर्गवारीसाठी इंटेलच्या अँडी ग्रोव्ह यांनी १९८३ मध्ये केलेली विभागणी कामाला आली. एक प्रकार ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या माणसांची, कामाच्या ओघात होणारी मीटिंग. दुसरा, एखाद्या निर्णयासाठी मुद्दाम बोलावलेली. या दुसऱ्या प्रकारात सहा-सात जणांच्या वर गेलं की मीटिंग पुढे रेटणं कठीण आणि आठ ही शेवटची मर्यादा, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडे निर्णयाच्या मीटिंगांना सर्रास डझनभर नावं. का, असं विचारलं तर ‘नाही बोलावलं तर वाईट वाटतं.’ हे खरं आहे, आणि नुसता नियम केल्याने ते सुटायचं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

प्रयोगाला तीन मीटिंगा घेतल्या: साप्ताहिक आढावा, रिलीजची (सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बाहेर काढण्याची) मीटिंग आणि डेव्हलपमेंट टीमचा रोजचा स्टँडअप, म्हणजे उभ्याने घ्यायची छोटी मीटिंग. बाकीच्यांना अजून हात लावायचा नाही.

पहिला बदल सोपा, वेळेचा. एक तासाची मीटिंग ५० मिनिटांची, अर्ध्या तासाची २५ ची. कॅलेंडरमध्ये ही सोय तयारच असते, फक्त चालू करावी लागते. मधली मिनिटं उसंतीसाठी. सोफी लरॉय यांच्या २००९ च्या अभ्यासाचा इथे आधार आहे: एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याला लागलं की लक्षाचा काही भाग मागेच रेंगाळतो आणि दुसरं काम त्या प्रमाणात कच्चं होतं. लागोपाठच्या तीन मीटिंगांमधल्या तिसरीत माणूस अंगाने हजर असतो, एवढंच.

काम मिळालेल्या वेळाएवढं फुगतं हे सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये लिहून ठेवलंय. मग वेळ आवळला तर काम आटायला हवं. बघू.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आटलं नाही. आढावा ५० व्या मिनिटाला संपला आणि उरलेला दरवाजात उभं राहून झाला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

स्टँडअपला जाऊन बसले. म्हणजे उभी राहिले. पंधरा मिनिटांचा म्हणायचा, चालतो दुप्पट. उभ्याने मीटिंग घेण्यात तथ्य आहे: १९९९ मध्ये पाच-पाच जणांच्या गटांवर झालेल्या एका प्रयोगात बसून चर्चा करणाऱ्यांना उभ्यांपेक्षा ३४ टक्के जास्त वेळ लागला, आणि निर्णयांच्या दर्जात फरक पडला नाही. पण आमच्या स्टँडअपचा आजार पायांत नाही. प्रत्येक जण टीम लीडकडे तोंड करून काल काय केलं ते सांगतो, बाकीचे आपला नंबर येईपर्यंत मनात वाक्यं जुळवतात. हजेरी चालली आहे.

उपाय: माणसांच्या क्रमाने फिरायचं नाही, चालू कामं मांडलेल्या बोर्डवरच्या कामांच्या क्रमाने फिरायचं. संपत आलेल्या कामापासून सुरुवात. प्रश्न एकच, ‘हे पुढे सरकायला काय हवंय?’ ज्या कामाला काही नको त्याबद्दल कोणी बोलायचं नाही. स्क्रम या कामाच्या पद्धतीत असा रोजचा स्टँडअप असतो; तिच्या मार्गदर्शिकेच्या २०२० च्या आवृत्तीतूनही ‘काल काय, आज काय, अडचण काय’ हे तीन ठरीव प्रश्न काढून टाकले आहेत, त्यामुळे पुस्तकी आक्षेपही उरला नाही. गुडघा दुखणाऱ्यांनी खुशाल बसावं.

टीम लीडला मी एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगितली: दोन आठवडे तुम्ही बोर्डकडे बघा, बोलणाऱ्याकडे नको. त्यांना ते चमत्कारिक वाटलं, पण कबूल झाले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

स्टँडअप वेळेत संपतोय.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आता लेखी टिपण. अ‍ॅमेझॉनमध्ये जेफ बेझोस यांनी २००४ मध्ये वरिष्ठांच्या मीटिंगांमधून स्लाइड बंद केल्या आणि त्या जागी सलग गद्यात लिहिलेलं, जास्तीत जास्त सहा पानांचं टिपण आणलं. मीटिंगच्या सुरुवातीला सगळे ते तिथेच, शांतपणे वाचतात. ‘घरून वाचून या’ म्हटलं की कोणी वाचत नाही आणि वाचल्याचं सोंग मात्र सगळे आणतात, हे यामागचं शहाणपण.

आम्हाला सहा पानं झेपणार नाहीत. एक पान ठरवलं: प्रश्न काय, आत्तापर्यंत काय माहीत आहे, पर्याय कोणते, माझी शिफारस कोणती आणि का. पहिली दहा मिनिटं वाचन.

आज रिलीजच्या मीटिंगमध्ये करून बघितलं. विक्रीच्या प्रमुखांनी पाचव्या मिनिटाला विचारलं, “मॅडम, आम्हाला वाचायला बोलावलंय का?” हो म्हटलं. त्यानंतरची चर्चा मात्र वेगळी झाली. ‘मुळात प्रश्न काय आहे’ यावर नेहमी जी वीस-पंचवीस मिनिटं जातात ती गेली नाहीत. टिपण लिहिणारीने नंतर सांगितलं की लिहिता लिहिताच दोन पर्याय तिने स्वतःच खोडले. म्हणजे निम्मी मीटिंग आदल्या दिवशी, एकटीने, तिच्या टेबलावर झाली.

एक धोकाही दिसला. ज्याचं लिहिणं सफाईदार त्याचं म्हणणं खरं वाटायला लागतं. टेस्टिंगमधल्या एकाला लिहायचा कंटाळा आहे, आणि नेमकं त्याला सगळ्यांत जास्त माहीत असतं. त्याच्यासाठी मुद्द्यांचं टिपण चालेल असं केलंय.

४ मार्च, मंगळवार

व्हेंडर निवडीची मीटिंग. तीन पर्याय होते, चर्चा रंगली, कल पहिल्याकडे. मी मध्ये थांबवून सगळ्यांना एका चिठ्ठीवर ‘या तिघांबद्दल मला माहीत असलेली आणि आत्तापर्यंत कोणी न बोललेली एक गोष्ट’ लिहायला सांगितली. सपोर्टमधल्या सगळ्यांत नव्या मुलीच्या चिठ्ठीत निघालं की पहिल्या व्हेंडरकडून आपला डेटा परत काढून घ्यायचा तर तो जुन्या फॉरमॅटमध्ये मिळतो आणि हाताने जुळवावा लागतो. आधीच्या नोकरीत तिने तेच केलं होतं. ती बोलली का नाही? “सर इतकं छान समजावत होते…”

यात तिच्या भिडस्तपणापेक्षा मोठी गोष्ट आहे. गॅरल्ड स्टासर आणि विल्यम टायटस यांनी १९८५ मध्ये केलेला प्रयोग असा: गटाला उमेदवारांमधून एक निवडायचा. सगळी माहिती सगळ्यांना दिली तर बहुतेक गट योग्य उमेदवार निवडतात. तीच माहिती तुकड्यातुकड्यांनी वाटली, म्हणजे काही गोष्टी सगळ्यांना आणि काही एकेकालाच ठाऊक, तर बहुतेक गट चुकीचा निवडतात. तुकडे जुळवायला जमलेली माणसं सगळ्यांना आधीच माहीत असलेल्या गोष्टींवरच बोलत राहतात. वेगवेगळ्या विभागांची माणसं एका खोलीत आणायची ती ज्या कारणासाठी, तेच कारण खोलीत आल्यावर हरवतं.

कल्पना काढण्याच्या मीटिंगांचंही असंच. येल विद्यापीठातल्या १९५८ च्या अभ्यासात चार जण एकत्र बसून जेवढ्या कल्पना काढत त्याहून जास्त चार जण वेगवेगळे बसून काढत. १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबं यांनी कारण शोधलं तर ते लाजण्याबिजण्यापेक्षा साधं निघालं: एका वेळी एकच जण बोलू शकतो, आणि थांबलेल्याचं सुचलेलं विरून जातं.

म्हणून यापुढे: आधी पाच मिनिटं सगळ्यांनी लिहायचं, मग बोलायचं. बोलताना सुरुवात सगळ्यांत कनिष्ठापासून, प्रमुख सगळ्यांत शेवटी. प्रमुख आधी बोलले की बाकीच्यांची मतं त्यांच्या मताच्या आसपास येऊन बसतात.

११ मार्च, मंगळवार

आजचा आढावा जरा सविस्तर लिहिते, कारण प्रकल्पाची दिशा इथे बदलतेय.

विषय दोन. एक, सर्व्हर नव्या ठिकाणी हलवायचे. महिन्यांचं काम, बिघडलं तर सगळंच बंद. दुसरा, मासिक अहवालातल्या रकान्यांचा क्रम. सर्व्हरचा विषय टिपण वाचून, दोन प्रश्न विचारून काही मिनिटांत मंजूर. रकान्यांवर उरलेली सगळी मीटिंग गेली आणि तरीही निर्णय पुढच्या वेळेवर.

पार्किन्सन यांच्या १९५७ च्या प्रसिद्ध उदाहरणात हेच आहे. समिती अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर करते आणि सायकलींच्या शेडवर पाऊण तास घालवते. त्यांचं स्पष्टीकरण असं की अणुभट्टी कोणाला कळत नाही, शेड सगळ्यांना कळते, म्हणून सगळे बोलतात. मला हे अर्धंच पटतं. आमच्या खोलीत सर्व्हर कळणारे निदान पाच जण होते आणि त्यांच्यात मतभेदही होते. तरी ते लांबलं नाही, कारण सर्व्हरचा निर्णय इन्फ्रास्ट्रक्चरच्या प्रमुखांचा, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. बाकीच्यांनी शंका विचारल्या, त्यांनी दोन मान्य केल्या, एक नाकारली आणि संपलं. अहवालाचे रकाने कोणी ठरवायचे हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. फायनान्सला वाटतं अहवाल त्यांचा, ऑपरेशन्सला वाटतं आकडे त्यांचे, आणि बनवणाऱ्या मुलाला वाटतं की निदान त्याला तरी विचारावं. ज्या निर्णयाला धनी नाही त्याला एकमत लागतं. एकमताला वेळेची सीमा नसते.

म्हणजे आत्तापर्यंत मी वेळ, माणसं आणि बोलण्याची पद्धत यांवर काम करत होते. ते उपयोगी आहेच. पण मीटिंग लांबते, पुन्हा भरते, दरवाजात उरते, ती मुख्यतः निर्णय कोणाचा हे ठरलेलं नसल्यामुळे.

१२ मार्च, बुधवार

कालच्याच धाग्यावर. पुढच्या आठवड्याच्या सगळ्या अजेंड्यांना एक रकाना जोडला: ‘निर्णय कोणाचा?’ अट एकच, उत्तरात एकाच माणसाचं पद हवं. संध्याकाळपर्यंत परत आलेल्या उत्तरांत ‘सर्वांचा’, ‘टीम’, ‘मॅनेजमेंट’ हेच जास्त. परत पाठवली.

काहींना भीती वाटतेय की यातून हुकूमशाही येईल. म्हणून रकान्याखाली तीन ओळी जोडल्या: कोणाचा सल्ला घेतल्याशिवाय ठरवायचं नाही, कोणाला आपलं मत नोंदवता येईल, आणि कोणाला ठरल्यावर नुसतं कळवायचं. यातल्या तिसऱ्या गटाला मीटिंगला येण्याची गरज नाही. डझनभर नावांतली निम्मी याच गटातली निघतात. आणि वाईट वाटण्याचा प्रश्नही इथे बराच सुटतो. कळवणार याची खात्री असेल तर ‘मला का नाही बोलावलं’ हे कमी ऐकू येतं.

१७ मार्च, सोमवार

रिलीजच्या मीटिंगच्या रकान्यात अपेक्षित तेच झालं. ‘रिलीजची तारीख’ यापुढे प्रॉडक्टच्या प्रमुखांनी स्वतःचं पद लिहिलं आणि विक्रीच्या प्रमुखांनी त्यांचं. दोघांनीही मनापासून. ही मीटिंग दर आठवड्याला भरते ती याचसाठी: एक न सुटलेला अधिकाराचा वाद, बाकीच्या आठ-नऊ जणांना साक्षीला बसवून.

व्यवस्थापनावर लिहिणारे पीटर ड्रकर यांचं जुनं निरीक्षण होतं की माणसांचा पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त वेळ मीटिंगांत जात असेल तर दोष संस्थेच्या रचनेत आहे. रचनेतला दोष मीटिंगच्या शिस्तीने दुरुस्त होत नाही. हे माझ्या अधिकारातलं काम नव्हे, संचालकांकडे नेलं.

१९ मार्च, बुधवार

संचालक आणि दोघे प्रमुख, बंद खोलीत. मी टिपण लिहायला. सुरुवातीला आवाज चढले, जे झालं ते बरं झालं. वर्षभर गोड शब्दांत चाललेलं निदान उघड झालं. ठरलं ते असं: तारीख प्रॉडक्ट ठरवणार. ग्राहकाला काय आणि कोणत्या शब्दांत सांगायचं ते विक्री ठरवणार. तारीख जाहीर होण्याआधी विक्रीला विचारल्याशिवाय चालणार नाही, आणि तारीख कळण्याआधी विक्रीने ग्राहकाला शब्द द्यायचा नाही. मतभेद राहिला तर दोन दिवसांत संचालकांकडे, तिसरी जागा नाही.

२५ मार्च, मंगळवार

रिलीजची मीटिंग: वाचन दहा मिनिटं, चर्चा साधारण तेवढीच. विक्रीचे प्रमुख आज टिपण आधीच वाचून आले होते.

२७ मार्च, गुरुवार

कागदपत्रं. हा भाग कंटाळवाणा आहे पण यावर बाकीचं उभं आहे.

अजेंडा नामात लिहायचा नाही, प्रश्नात लिहायचा. ‘भरती’ हा विषय कधीच संपत नाही. ‘सपोर्टची रिकामी जागा या तिमाहीत भरायची की पुढच्या?’ याला उत्तर आलं की विषय संपतो. प्रश्न करता येत नसेल तर तो विषय अजून मीटिंगसाठी पिकलेला नाही.

मिनिट्स पानंच्या पानं नकोत. कोण काय म्हणालं हे कोणी पुन्हा वाचत नाही. निर्णयांची एक सामायिक वही केली आहे. काय ठरलं, कोणी ठरवलं, का, आणि कोणत्या परिस्थितीत पुन्हा उघडायचं. शेवटचा रकाना सगळ्यांत मोलाचा. तो नसेल तर गैरहजर राहिलेला माणूस पुढच्या वेळी येऊन तोच विषय पहिल्यापासून सुरू करतो. आता विचारता येतं, ‘वहीत लिहिलंय त्यातलं काय बदललं?’ नोंद मीटिंगमध्येच, सगळ्यांना दिसेल अशा स्क्रीनवर करायची, म्हणजे ‘मी असं म्हटलं नव्हतं’ हे तिथल्या तिथे निस्तरतं.

कामाच्या यादीत एका कामापुढे एकच नाव. ‘टीम बघेल’ असेल तर कोणी बघत नाही.

१ एप्रिल, मंगळवार

काही जण ऑफिसात, काही घरून, अशा मीटिंगा सगळ्यांत वाईट चालतात. खोलीतले आपसांत बोलतात, पडद्यावरचे ‘हॅलो, ऐकू येतंय का’ मध्ये अडकतात. ठरवलं: एक जरी बाहेरून असेल तर सगळ्यांनी आपापल्या जागेवरून जोडायचं. खोलीतल्यांना ते हास्यास्पद वाटतंय, असू दे.

८ एप्रिल, मंगळवार

ज्या मीटिंगा दर आठवड्याला आपोआप भरतात त्यांना शेवटची तारीख घातली. तिमाही संपली की मालिका संपली, पुन्हा हवी तर आयोजकाने पुन्हा मागायची. शॉपिफाय या कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये दोनपेक्षा जास्त माणसांच्या सगळ्या आवर्ती मीटिंगा एकदम कॅलेंडरवरून काढून टाकल्या होत्या. तो धडाका इथे नको वाटला. मीटिंग ही तणासारखी असते, वरून कापली तर मुळातून पुन्हा फुटते. आमच्या रद्द झालेल्या समन्वय बैठकीच्या जागी ‘क्विक सिंक’ नावाच्या दोन उगवल्याच आहेत.

त्या भरवणाऱ्यांशी बोलले. त्यांना निर्णय घ्यायचा नव्हता. वर काय शिजतंय ते कळण्याची एवढी एकच जागा त्यांना होती. गरज रास्त आहे. निर्णयांची वही आजपासून सगळ्यांना वाचायला खुली केली. पगार आणि वैयक्तिक बाबी सोडून. दोनपैकी एक सिंक आयोजकानेच बंद केली. दुसरी चालू आहे, तिथे गप्पा होतात आणि त्या व्हायला हरकत नाही, फक्त तिला आढावा म्हणायचं नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

सर्व्हर हलवण्याआधी मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची पूर्वमृत्यू-परीक्षेची पद्धत वापरली: हा प्रकल्प पूर्ण फसला आहे असं धरून चाला आणि का फसला ते लिहा. ‘काही धोका वाटतो का?’ असं विचारलं की माना हलतात. फसलाच म्हटल्यावर लोक मोकळेपणाने लिहितात. तीन नवे मुद्दे मिळाले, त्यातला बॅकअपचा गंभीर. इन्फ्रास्ट्रक्चरच्या प्रमुखांनी तारीख एक आठवडा पुढे ढकलली. त्यांचा निर्णय, त्यांनी घेतला, चर्चा नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

उरली ती वरिष्ठांची मासिक बैठक. तिला कोणी हात लावत नाही. संचालकांना सरळ विचारलं. म्हणाले, “नियम सगळ्यांना तर मलाही. पाठवा तुमचा तक्ता.” चार विषयांचा अजेंडा प्रश्नांच्या रूपात करून, ‘निर्णय कोणाचा?’ रकाना कोरा ठेवून पाठवला.

२४ एप्रिल, गुरुवार

तक्ता परत आला. तीन विषयांपुढे एकेक पद. चौथा, पुढच्या वर्षाच्या मनुष्यबळाचा, त्यापुढे त्यांच्या अक्षरात ‘चर्चा करू’. परत पाठवला आहे.